ज्याचा फोटो, त्याचीच चौकट



या वेळी प्राचार्यांच्या पानावर एक तांत्रिक विषय घेत आहे. मोबाइलच्या ॲपमध्ये एकाच वेळी अनेक फोटो कसे उतरतात, हा तो विषय. प्राचार्याबाईंचा याच्याशी काय संबंध, असे आपणांस वाटेल. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तेही इतिहास विषय घेऊन. संगणकाशी माझा संबंध परिपत्रके आणि निकालपत्रके यांपुरताच. परंतु आपल्या शाळेच्या फाटकावर जे घडले, त्यामुळे हा विषय मला शिकावा लागला. जे शिकले ते आपल्यापुढे ठेवणे मी माझे कर्तव्य समजते.

काय घडले?

बालवाडी ते दुसरीच्या मुलांना सुटीनंतर न्यायला कोणी यावे, याची यादी पालकांनी आपल्याकडे दिलेली आहे. पूर्वी ती वहीत होती. मग आपण एका कंपनीकडून ॲप घेतले. फाटकावरच्या चौकीदार काकांच्या हाती टॅबलेट दिला. मुलाचे नाव आणि त्यापुढे न्यायला येणाऱ्या व्यक्तीचा फोटो, अशी २४० ओळींची ती यादी. काकांनी बोटाने यादी सरकवायची, चेहरा ताडून पाहायचा आणि मूल सोपवायचे. व्यवस्था सोपी होती आणि सर्वांना आवडली होती.

एके दुपारी पहिलीतल्या एका मुलीचे आजोबा नेहमीप्रमाणे आले. त्या दिवशी रोजचे काका रजेवर होते, बदली काका नवे होते. त्यांनी यादी काढली तर मुलीच्या नावापुढे भलत्याच गृहस्थांचा फोटो! काकांनी मुलीला सोडले नाही. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही, त्यांनी नियम पाळला. पण नात समोर रडते आहे आणि आजोबा उन्हात अर्धा तास उभे आहेत, असा तो प्रसंग झाला. दुसऱ्या दिवशी आजोबा माझ्या कचेरीत आले. आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाले, "बाई, मी याच शाळेत शिकलो. काल याच फाटकावर मी परका ठरलो."

मी क्षमा मागितली. पण ते गेल्यावर जो विचार मनात आला, त्याने रात्री झोप लागली नाही. एका मुलीच्या नावापुढे दुसऱ्याच गृहस्थांचा फोटो दिसत होता. समजा त्या क्षणी ते गृहस्थच फाटकावर असते तर? टॅबलेटने त्यांना होकार दिला असता. आजोबांना झालेला त्रास ही चुकीची सौम्य बाजू होती.

कंपनीला फोन केला. उत्तर मिळाले, "मॅडम, आपका नेट स्लो है।" नेट वाढवले, टॅबलेट बदलला. चूक कमी झाली, पण गेली नाही. शेवटी आपल्या संगणकाच्या मॅडम आणि नववीचे चार विद्यार्थी यांनी तीन दिवस शाळा सुटल्यावर फाटकावर बसून ती पकडली. त्यांनी मला जे समजावले, तेच आता सांगते.

खिडकीवरचा बाबू

प्रवेशाच्या दिवसांत आपल्या कचेरीची खिडकी आठवा. खिडकीवर एक बाबू बसतात. जुना दाखला हवा असेल तर तो माडीवरच्या कपाटात असतो. बाबू स्वतः माडीवर गेले की खिडकी रिकामी आणि बाहेर रांग खोळंबते. शहाणे बाबू शिपायाला चिठ्ठी देऊन वर पाठवतात आणि आपण पुढच्या माणसाशी बोलत राहतात. शिपाई दाखला घेऊन आला की तो ज्याचा त्याला देतात.

ॲपमध्येही असा एक खिडकीवरचा बाबू असतो. त्याला मुख्य थ्रेड म्हणतात. थ्रेड म्हणजे कामाचा एक धागा. पडद्यावर चित्र काढणे आणि आपल्या बोटाचा स्पर्श ओळखणे ही दोन्ही कामे त्याचीच. साधारण पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रेखाटला जातो, म्हणजे एका खेपेला सुमारे १६ मिलिसेकंद मिळतात. नेटवरून एक फोटो आणायला मात्र २०० मिलिसेकंदही लागू शकतात आणि नेट वाईट असेल तर दहा सेकंदही. तेवढा वेळ बाबू माडीवर गेले तर पडदा गोठतो. अँड्रॉइडवर स्पर्शाला पाच सेकंद उत्तर मिळाले नाही की ॲप प्रतिसाद देत नाही, अशी पाटी येते. कचेरीतल्या संगणकावर खिडकी पांढुरकी पडून अडकते, तोही बहुधा हाच प्रकार.

म्हणून फोटो आणण्याचे काम दुसऱ्या धाग्यावर सोपवतात. यालाच असिंक्रोनस काम म्हणतात. सोप्या भाषेत, सांगून मोकळे व्हायचे आणि उत्तर येईल तेव्हा घ्यायचे. २०११ साली आलेल्या अँड्रॉइड ३.० पासून तर मुख्य थ्रेडवर नेटचे काम केले की ॲप चूक दाखवून बंदच पडते. बाबूंनी खिडकी सोडायची नाही, हा तिथे सक्तीचा नियम झाला.

एकामागून एक, की सगळे एकदम?

आता शिपाई किती ठेवावेत? विद्यार्थ्यांनी मला फळ्यावर हिशेब करून दाखवला. समजा ४० फोटो आणायचे आहेत. प्रत्येक फोटो २०० किलोबाइटचा आणि नेटची गती सेकंदाला १००० किलोबाइट. म्हणजे एक फोटो वाहून यायला ०.२ सेकंद लागतात. पण त्याआधी मागणी सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर सुरू व्हायला ०.३ सेकंद जातात. एका वेळी एकच फोटो मागवला तर प्रत्येकी ०.५ सेकंद, एकूण २० सेकंद. यातले १२ सेकंद तर नुसती वाट पाहण्यात गेले, तेव्हा नळ कोरडाच होता.

तीन-चार फोटो एकदम मागवले तर एकाची वाट पाहणे चालू असताना दुसरा वाहून येत असतो. नळ कोरडा राहत नाही. सगळे ४० फोटो सुमारे साडेआठ सेकंदांत येतात.

मग चाळीसही शिपाई एकदम पाठवले तर आणखी लवकर होईल का? नाही. नळ तेवढाच आहे. ४० × ०.२ म्हणजे ८ सेकंद तर लागणारच. उलट नुकसान होते. एका धारेखाली चाळीस बादल्या लावल्या तर सगळ्या थेंबथेंब भरतात आणि जी आधी हवी आहे तीही शेवटीच भरते. काकांच्या पडद्यावर आठ ओळी दिसत असताना खालच्या दोनशे बत्तीस ओळींचे फोटो त्यांच्याशी स्पर्धा करत राहतात.

हा प्रश्न जुना आहे. १९९३ साली मोझाइक ब्राउझरमुळे मजकुराच्या पानातच चित्रे दिसण्याची पद्धत लोकप्रिय झाली. १९९४ साली आलेल्या नेटस्केपने मजकूर आधी दाखवून अनेक चित्रे एकाच वेळी आणायला सुरुवात केली. सर्व्हरवर भार पडू नये म्हणून १९९९ च्या एचटीटीपी नियमावलीत एका सर्व्हरशी दोनपेक्षा जास्त जोडण्या ठेवू नयेत, अशी सूचना होती. पुढे ब्राउझर सहा जोडण्यांपर्यंत गेले. २०१५ च्या एचटीटीपी-२ मध्ये एकाच जोडणीतून अनेक मागण्या सोबत चालवण्याची सोय झाली. पद्धती बदलल्या, पण एकदम किती मागवायचे याला मर्यादा हवी, हे तत्त्व कायम राहिले.

पंगतीतला पाट

इथपर्यंत कंपनीचे काम ठीक होते. बाबू खिडकीवर होते, शिपाईही चार-पाचच होते. चूक पुढे होती. ती समजण्यासाठी पंगतीचे उदाहरण घेऊ.

गणेशोत्सवात आपल्याकडे २४० माणसे जेवायची असतात, पण पाट मांडलेले असतात दहा. पहिली दहा माणसे उठली की त्याच पाटांवर पुढची दहा बसतात. समजा तिसऱ्या पाटावरच्या आजोबांनी बिनसाखरेचा चहा मागितला. वाढपी आत गेला, पण जाताना फक्त "पाट नंबर तीन" एवढेच ध्यानात ठेवून गेला. आत चहाला उशीर झाला. तोवर आजोबा उठले आणि पाटावर दुसरे कोणी बसले. वाढपी आला आणि चहा तिसऱ्या पाटापुढे ठेवून गेला. त्याने पाट अचूक ओळखला. माणूस मात्र चुकला.

फोनमधल्या लांब यादीचे हेच आहे. २४० नावे असली तरी फोन २४० ओळी तयार करत नाही. स्मरणशक्ती वाचावी म्हणून पडद्यावर मावतील त्याहून थोड्या जास्त, समजा दहा ओळी करतो. बोटाने यादी सरकवली की वर गेलेली ओळ खाली आणून तिच्यावर नवे नाव लिहितो. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे अशीच रीत आहे आणि ती योग्यही आहे.

आता तिसऱ्या चौकटीत आधी 'अ' या मुलाचे नाव होते. त्याच्या पालकाचा फोटो मागवला, पण तो मोठा असल्याने रेंगाळला. काकांनी यादी सरकवली. तीच चौकट आता 'ब' या मुलीला मिळाली. तिच्या आजोबांचा फोटो लहान, तो पटकन आला आणि बरोबर बसला. दोन सेकंदांनी 'अ'चा रेंगाळलेला फोटो पोहोचला. त्याला सांगितले होते की तिसऱ्या चौकटीत जा. तो गेला आणि आजोबांवर चढून बसला. नाव 'ब'चे, चेहरा 'अ'च्या पालकांचा. चूक दाखवणारी कोणतीही खूण पडद्यावर नाही. त्या दुपारी हेच झाले होते.

मी विचारले, मग कंपनीला हे दिसले कसे नाही? विद्यार्थ्यांचे उत्तर मला फार मोलाचे वाटले. कंपनीने बहुधा आपल्या कचेरीत, वेगवान नेटवर, आठ-दहा नावे घालून पाहिले असणार. नावे कमी असली तर चौकट दुसऱ्याला द्यावीच लागत नाही. नेट वेगवान असले तर कोणी रेंगाळत नाही. फाटकावर मात्र नावे २४०, वाय-फाय अशक्त आणि घाईचे बोट, असे तिन्ही योग जुळून आले. नेट हळू होते हे खरे, पण हळू नेटने फोटो उशिरा यावा. चुकीच्या नावापुढे येणे हा दोष नेटचा नाही.

आमच्या मॅडमनी असेही सांगितले की ही चूक जगात नवी नाही. अँड्रॉइड संघातील जिल देबुन या अभियंत्याने जुलै २०१० मध्येच नेमक्या याच विषयावर लेख लिहून उपाय दाखवला होता. अँड्रॉइडचा इतिहासही बोलका आहे. २००९ मध्ये आवृत्ती १.५ सोबत पडद्यामागे काम करण्यासाठी असिंकटास्क नावाचे साधन आले. ते आधी कामे एकेक करून करी. आवृत्ती १.६ मध्ये अनेक कामे एकदम करू लागले. मग २०११ च्या ३.० मध्ये मूळ वर्तन पुन्हा एकेकावर आणले गेले, कारण एकदम चालणाऱ्या कामांमुळे ॲपमध्ये नेहमीच्या चुका होत होत्या. २०२० मध्ये तर हे साधन वापरू नये असेच सांगण्यात आले. अनेक कामे एकदम सोडणे सोपे, परत आल्यावर त्यांची नीट मांडणी करणे अवघड, हे मोठमोठ्यांनाही अनुभवातूनच कळले.

उपाय काय केले?

विद्यार्थ्यांनी लिहून दिलेला कागद आपण कंपनीला पाठवला. कंपनीनेही मोकळेपणाने चूक मान्य केली आणि तीन आठवड्यांत दुरुस्ती करून दिली. त्या कागदातले मुद्दे असे:

१. चौकटीने आपण कोणाची वाट पाहत आहोत ते लक्षात ठेवावे. फोटो आला की आधी विचारावे, "तू कोणाचा?" नाव जुळले तरच आत घ्यावे, नाहीतर परत पाठवावे.

२. चौकट दुसऱ्याला देताना जुना फोटो लगेच पुसावा आणि कोरी आकृती दाखवावी. कोरी चौकट पाहून काका थांबतील. चुकीचा चेहरा पाहून ते थांबणार नाहीत.

३. ओळ पडद्याबाहेर गेली की तिची मागणी रद्द करावी. नळ दिसणाऱ्या ओळींसाठी मोकळा राहतो.

४. फोटो आला नाही तर तसे स्पष्ट लिहावे. पुन्हा मागणी करावी, पण दोन-तीनदाच आणि दर वेळी थोडे जास्त थांबून.

५. फोटो यादीच्या मापाचा असावा. फोनने काढलेला ४००० × ३००० ठिपक्यांचा फोटो उघडल्यावर प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे ४ कोटी ८० लाख बाइट जागा घेतो. चौकटीला २०० × २०० ठिपके पुरतात, म्हणजे १ लाख ६० हजार बाइट. तीनशेपट फरक! पालकांनी पाठवलेले मोठे फोटो आता सर्व्हरवरच लहान केले जातात.

६. एकदा आलेला फोटो टॅबलेटमध्ये साठवावा, म्हणजे रोज नव्याने आणावा लागत नाही. मात्र पालकांनी व्यक्ती बदलली तर जुना साठवलेला फोटो दिसता कामा नये. यासाठी नव्या फोटोला दर वेळी नवा पत्ता दिला जातो.

७. अर्धवट उतरलेला फोटो पूर्ण समजू नये. तो आधी तात्पुरत्या नावाने लिहावा आणि पूर्ण झाल्यावरच खरे नाव द्यावे.

यातली बरीच कामे करणारी तयार साधने उपलब्ध आहेत. अँड्रॉइडसाठी ग्लाइड, पिकासो, कॉइल ही त्यांची नावे. कोणता फोटो कोणत्या चौकटीसाठी मागवला आहे याची नोंद ती स्वतः ठेवतात आणि चौकट बदलली की जुनी मागणी रद्द करतात. आपल्या ॲपमध्ये हे काम हाताने लिहिलेले होते आणि पहिलाच मुद्दा राहून गेला होता.

विद्यार्थ्यांसाठी

आठवीच्या वरच्या विद्यार्थ्यांनी संगणक कक्षात हा प्रयोग जरूर करून पाहावा. शंभर चित्रांची यादी करा. काही चित्रे मुद्दाम मोठी ठेवा. ब्राउझरमध्ये नेट हळू करून पाहण्याची सोय असते, ती चालू करा आणि यादी भराभर सरकवा. मग चूक दिसते का, कुठे दिसते, हे वहीत लिहा. आपले काम कठीण परिस्थितीत तपासायचे, ही सवय संगणकापुरती नाही. घरी पाठ केलेली कविता व्यासपीठावर का विसरते, तेही यातच आले.

पालकांसाठी

दुरुस्तीनंतर विद्यार्थ्यांनी पुन्हा पाच दिवस फाटकावर बसून तपासणी केली. चूक आढळली नाही. तरीही आता फक्त फोटोवर भरवसा ठेवायचा नाही, असे ठरवले आहे. फोटोसोबत त्या व्यक्तीचे नाव आणि मुलाशी असलेले नाते मोठ्या अक्षरांत दिसेल. काका नाव विचारतील. कृपया राग मानू नये, रोजची ओळख असली तरी सांगावे. यंत्र बंद पडले तर छापील यादी फाटकावर तयार आहे. न्यायला येणारी व्यक्ती बदलणार असेल तर आदल्या दिवशी कचेरीत लेखी कळवावे.

त्या आजोबांना मी पुन्हा बोलावले. ज्या विद्यार्थ्यांनी चूक शोधली, त्यांनीच त्यांना टॅबलेटवर सारे उलगडून दाखवले. पंगतीचे उदाहरण मूळ त्यांचेच. मुलांचे बोलणे ऐकून ते हसले आणि म्हणाले, "म्हणजे वाढप्याने पाट पाहिला, पाहुणा पाहिला नाही!" दहा मिनिटांचे स्पष्टीकरण त्यांनी एका वाक्यात मांडले. मी ते या लेखासाठी त्यांच्या परवानगीने घेतले आहे.

दुसऱ्या दिवशी सुटीनंतर मी मुद्दाम फाटकावर उभी राहिले. काकांनी यादी सरकवली. क्षणभर कोरी चौकट दिसली, मग आजोबांचा चेहरा आला. नात धावत गेली.

आपली,
प्राचार्या